गावची बोली न सोडलेली गायिका

पुण्यास गेले आणि दोन वाक्ये बोलले की कोणीतरी हसून विचारतेच, "इंदूरच्या का?" यात रागावण्यासारखे काही नाही. होळकरशाहीच्या दिवसांत जी मराठी माळव्यात आली, तिने हिंदी-माळवीच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या संसार केला. शेजारणीचा एखादा दागिना तिच्या अंगावर दिसावयाचाच. पण लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या एका नातेवाइकांकडे जेवावयास गेले असता माझ्या 'जल्दी वाढा'वर सारी पंगत हसली होती. पुढचे चार दिवस मी तोंड उघडले नाही. ती गोष्ट मी विसरले आहे असे मला वाटत असे. ती आठवली दूरदेशी, ह्यूस्टनला, लेकीच्या घरी.

तेथे दुपारच्या वेळी दूरचित्रवाणीवर 'रीबा' नावाची जुनी विनोदी मालिका लागे. तांबड्या केसांची, ठसठशीत चेहऱ्याची एक बाई त्यात मुख्य भूमिकेत होती. तिचे इंग्रजी ऐकून मी नातीला म्हटले, "ही काय बोलते ते मला का गं समजत नाही?" नात हसून म्हणाली, "आजी, ती ओक्लाहोमाची आहे. तिकडे असेच बोलतात." एका अक्षराची दोन करावयाची आणि शब्द ताणून सोडावयाचा, अशी ती बोली. मला एकदम त्या पंगतीची आठवण झाली, आणि या बाईविषयी कुतूहल वाटू लागले.

रीबा मॅकेंटायर हिचा जन्म 28 मार्च 1955 चा. ओक्लाहोमा राज्यातील चॉकी नावाच्या लहानशा वस्तीजवळ तिच्या वडिलांचे गुरांचे मोठे रान होते. वडील क्लार्क हे 'रोडिओ'तील नामांकित खेळाडू. घोडा भरधाव सोडून, दोराचा फास टाकून बैल पाडावयाचा, या खेळात ते तीन वेळा जगज्जेते झाले; आजोबांनीही 1934 साली तो मान मिळविला होता. रीबा स्वतः पिंपांभोवती घोडा वळवून पळविण्याच्या शर्यतीत भाग घेई.

गाणे मात्र आईकडचे. जॅकलीनबाईंना स्वतःला गायिका व्हावयाचे होते. ते साधले नाही, त्या शाळेत शिकवू लागल्या. नवऱ्याच्या खेळांसाठी सारे कुटुंब मोटारीतून गावोगाव हिंडे, तेव्हा मागे बसलेल्या चार मुलांची भांडणे थांबविण्याचा उपाय म्हणून त्या त्यांच्याकडून गाणी म्हणवून घेत. एकाने मूळ सूर धरावयाचा, बाकीच्यांनी त्याला जुळणारे सूर लावावयाचे. रीबाची तालीम ती हीच.

1974 च्या डिसेंबरात ओक्लाहोमा सिटी येथे रोडिओचे राष्ट्रीय अंतिम सामने होते. कॉलेजात शिकणाऱ्या रीबाने तेथे राष्ट्रगीत म्हटले. ते रेड स्टीगल या गायकाने ऐकले आणि तिला नॅशव्हिलला बोलाविले. नॅशव्हिल म्हणजे 'कंट्री' संगीताची पंढरीच. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांचे गाणे: साथीला फिडल आणि गिटार, आणि विषय म्हणाल तर शेत, दारू, देव, मोडलेले संसार. बहुतेक गाण्यांत एक कथाच सांगितलेली असते.

नॅशव्हिलच्या वाटेवरची एक हकीकत रीबा नेहमी सांगते. मन कचरत होते, म्हणून ती वाटेत थांबण्याचे काही ना काही निमित्त काढी. शेवटी आईने सांगितले, की तुला नको असेल तर खुशाल परत फिरू. पण तू गेलीस तर माझी सारी स्वप्ने तुझ्या रूपाने पुरी होतील. गाडी परत फिरली नाही.

1975 मध्ये मर्क्युरी कंपनीशी करार झाला. पण यश काही धावत आले नाही. 17 सप्टेंबर 1977 रोजी 'ग्रँड ओल ऑप्री' या विख्यात सभेत तिचे पहिले गाणे होते, तर दारावरच्या रखवालदाराच्या यादीत तिचे नावच नव्हते. कशीबशी आत गेली, तो ऐनवेळी डॉली पार्टन आल्या आणि हिच्या दोन गाण्यांतील एक कापले गेले. यादीत पहिल्या क्रमांकाचे गाणे मिळावयास 1983 चा जानेवारी उजाडला; करारापासून सात वर्षे.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या काळी कंट्री संगीताला शहरी वळण देण्याची लाट होती. गावठीपणा झाकावा, व्हायोलिनांचे मोठे ताफे वापरावेत, म्हणजे शहरातले गिऱ्हाईक वाढते, असा व्यापाऱ्यांचा हिशेब. रीबाने एमसीए या नव्या कंपनीत गेल्यावर उलटा हट्ट धरला: फिडल हवे, स्टील गिटार हवी आणि गाणी मी निवडीन. 1984 च्या त्या ध्वनिमुद्रिकेचे नावच 'माय काइंड ऑफ कंट्री'. माझ्या पसंतीचे कंट्री! त्या वर्षापासून 1987 पर्यंत सलग चार वर्षे कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला सर्वश्रेष्ठ गायिका ठरविले.

दैवाने मग घाव घातला. 16 मार्च 1991 रोजी सॅन डिएगोतील कार्यक्रम आटोपून तिच्या साथीदारांचे विमान उडाले आणि लगेच डोंगरावर आदळले. आठ सहकारी आणि दोन वैमानिक, दहाही जण गेले. रीबा त्या रात्री गावातच मुक्कामास राहिली होती. नऊच दिवसांनी ऑस्कर समारंभात तिचे गाणे ठरलेले होते; ती उभी राहिली आणि गायिली. त्याच वर्षी निघालेली 'फॉर माय ब्रोकन हार्ट' ही ध्वनिमुद्रिका तिने गेलेल्या सोबत्यांना अर्पण केली.

अभिनयाकडे ती वळली ती 1990 च्या 'ट्रेमर्स' चित्रपटापासून. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'ॲनी गेट युवर गन' या संगीत नाटकात नेमबाज ॲनी ओकलीची भूमिका तिने केली. गाणारी नटी आपल्याला नवी नाही; 'कुलवधू'मधील ज्योत्स्नाबाई भोळे ज्यांनी ऐकल्या त्यांना तर हे सांगावयासच नको. परंतु आपल्याकडे नटीचे गाणे नाटकाला उचलून धरी. 'रीबा' मालिकेत गाणे ते केवळ आरंभीचे शीर्षकगीत. पुढे बाईने नुसत्या बोलण्यावर वेळ निभावून न्यावयाची.

ही मालिका 5 ऑक्टोबर 2001 पासून 18 फेब्रुवारी 2007 पर्यंत चालली. कथानक ऐकून आपल्याकडील आयाबाया पदर तोंडाला लावतील. दंतवैद्य नवरा आपल्या मदतनीस बाईच्या नादी लागून घर सोडतो. ती बाई गरोदर, आणि त्याच वेळी शाळकरी थोरली लेकही गरोदर! यातून हसू यावयाचे कसे? पण येते. कारण ही सवत काही केल्या रीबाचीच जिवलग मैत्रीण होऊ पाहते, आणि रीबा तिला टोमणे मारता मारता शेवटी आपल्याच मेजावर जेवावयास बसविते. घर मोडले तरी स्वयंपाकघर मोडू द्यावयाचे नाही, हे त्या बाईचे ब्रीद. मेलिसा पीटरमन हिने ती सवत बहारीने रंगविली आहे. या भूमिकेसाठी रीबाला गोल्डन ग्लोबचे नामांकनही मिळाले होते.

आणि या सर्व भागांत तिची बोली चॉकीचीच आहे. तिचा विनोद त्याच बोलीवर स्वार होऊन येतो. शब्द ताणला म्हणूनच टोमणा नेमका बसतो. तोच संवाद शहरी इंग्रजीत म्हटला तर कोणी हसेलसे वाटत नाही.

2011 मध्ये कंट्री संगीताच्या मानकऱ्यांच्या मंदिरात, 'हॉल ऑफ फेम'मध्ये, तिचा समावेश झाला; 2018 मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. जॅकलीनबाई 2020 च्या मार्चमध्ये वारल्या. आपले स्वप्न लेकीच्या गळ्यातून पुरे झालेले त्यांनी डोळे भरून पाहिले. वयाची सत्तरी जवळ आली असता, 2024 च्या ऑक्टोबरात, रीबा 'हॅपीज प्लेस' या नव्या विनोदी मालिकेत पुन्हा उभी राहिली, आणि बरोबर तीच मेलिसा होती.

परत येण्याच्या आदल्या दिवशी नात म्हणाली, "आजी, मला इंदूरचे मराठी शिकव, पुण्याचे नको." मी तिला कारण विचारले नाही. पुढच्या महिन्यात पुण्यास एका मुंजीला जावयाचे आहे. पंगतीत बसेन, आणि भूक लागली तर 'जल्दी वाढा' म्हणेन. हसणारांनी हसावे; या वेळी मीही त्यांच्याबरोबर हसेन.