वडीगोद्रीचा फाटा आणि ड्रॉइंगखालचा हलता नकाशा

अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीत जालन्याकडून अंबडमार्गे येणारा रस्ता धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा 208 किलोमीटरचा डावा कालवा याच परिसरातून पुढे परभणीकडे जातो. जवळच अंकुशनगरचा साखर कारखाना. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि दक्षिणेला शहागडपाशी गोदावरी ओलांडणारी वाहनेही याच महामार्गाने धावतात.

समजा, अशा ठिकाणी चौक रुंद करायचा आहे. अभियंत्याच्या एका ड्रॉइंगवर किती जणांच्या रेषा येतात ते बघण्यासारखे आहे. रस्त्याची मध्यरेषा आणि हद्द बांधकाम खात्याची, कालव्याचा काठ जलसंपदाचा, खांब आणि तारा महावितरणच्या, नळाची लाइन ग्रामपंचायतीची, आणि सर्वांत नाजूक म्हणजे शेतांच्या गटांची हद्द, ती भूमी अभिलेखची. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आरेखनात, या प्रत्येकाचा वेगळा लेअर असतो. हवा तो उघडायचा, नको तो झाकायचा. 1982 साली ऑटोकॅड बाजारात आले, तेव्हापासून ड्राफ्ट्समन मंडळींचा हात या कामावर बसलेला आहे.

गोंधळ सुरू झाला तो नकाशा इंटरनेटवरून थेट ड्रॉइंगखाली येऊ लागल्यावर.

ऑटोकॅडच्या 2014च्या आवृत्तीत ही सोय आली. ड्रॉइंगला भौगोलिक ठिकाण आणि निर्देशांक पद्धत दिली, की रेषांच्या मागे उपग्रहचित्र किंवा रस्त्यांचा नकाशा उमटतो. पण हे चित्र कुठल्याच लेअरवर बसलेले नसते. लेअरच्या यादीत ते शोधणारा नवशिक्या हमखास फसतो. यादीतले सगळे दिवे विझवले तरी शेतांचा हिरवा-तपकिरी गालिचा पडद्यावर तसाच. त्याचे बटण वेगळे आहे. ‘जिओमॅप’ ही आज्ञा दिली, की हवाई चित्र, रस्ते किंवा बंद, असे पर्याय मिळतात. ही निवड त्या-त्या व्ह्यूपोर्टपुरती असते, म्हणजे एकाच शीटवर डावीकडच्या चौकटीत चौकाचे हवाई चित्र दाखवून उजवीकडच्या चौकटीत नुसत्या रेषा ठेवता येतात. हे फार थोडे लोक वापरतात, खरे तर सर्वांत उपयोगी तेच आहे.

दुसरी वाट जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीच्या, सर्व्हरशी बोलण्याची. इस्रोचे ‘भुवन’ 2009 पासून सुरू आहे आणि त्याच्या काही माहितीचे थर डब्ल्यूएमएस या पद्धतीने मागवता येतात. ही पद्धत ओजीसी या संस्थेने 2000 साली ठरवली. संगणक सर्व्हरला सांगतो, अमुक थर दे, अमुक चौकटीपुरता, अमुक आकाराचा. सर्व्हर एक चित्र रंगवून पाठवतो. आता रस्ते आणि जमीन-वापर हे दोन थर एकाच मागणीत आले असतील, तर चहात विरघळलेली साखर जशी वेगळी काढता येत नाही, तसे त्यातले रस्ते कॅडमध्ये बसून पुसता येत नाहीत. रस्ते नको असतील तर मागणीतूनच त्यांचे नाव काढावे लागते. म्हणून ऑटोकॅड मॅप थ्रीडीसारख्या प्रोग्रॅममध्ये लेअर मॅनेजरखेरीज डिस्प्ले मॅनेजर नावाचा आणखी एक फलक असतो. एसरी कंपनीच्या ‘आर्कजीआयएस फॉर ऑटोकॅड’ या मोफत जोडणीलाही स्वतःची वेगळी यादी आहे. मात्र तिच्यातून चित्राऐवजी खऱ्या रेषा, म्हणजे फीचर, मागवल्या तर त्या ड्रॉइंगमध्ये येऊन कॅडच्या लेअरवर बसतात.

आणि इथे एक सापळा आहे. ऑटोकॅडमध्ये लेअर ‘ऑफ’ करणे आणि ‘फ्रीझ’ करणे यांत मोठा फरक आहे. ऑफ केलेल्या लेअरवरच्या रेषा डोळ्यांना दिसत नाहीत, पण ‘इरेज’ देऊन ‘ऑल’ म्हटले तर त्याही पुसल्या जातात. फ्रीझ केलेल्या वाचतात. गटांच्या हद्दी अशा तऱ्हेने न दिसता उडाल्या, तर ते कळते थेट पुढच्या बैठकीत.

थेट नकाशाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे. नकाशा या क्षणी मागवलेला असतो, चित्र या क्षणाचे नसते. ही चित्रे वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून केलेली असतात. कालव्याला आवर्तन सुटले आहे की तो कोरडा आहे, शेतात ऊस उभा आहे की तोड झाली आहे, यावरून चित्राचा काळ साधारण ओळखता येतो, इतकेच. नकाशा पुरवणाऱ्या कंपनीने तुकडा बदलला की त्याच रेषांखाली दुसरेच शेत दिसू लागते.

मापाचा घोळ त्याहून महाग पडतो. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर या प्रक्षेपणात असतात. विषुववृत्तापासून दूर जावे तसे त्यात अंतर फुगते. वडीगोद्रीच्या अक्षांशावर ही फूग सुमारे सहा टक्के आहे, म्हणजे किलोमीटरमागे साधारण 60 मीटर! सॉफ्टवेअरला योग्य पद्धत सांगितली (इथे यूटीएमचा 43 उत्तर पट्टा चालतो) तर ते चित्राला ताणून-आवळून जागेवर बसवते. पण घाईत स्क्रीनशॉट चिकटवला तर विहीर बांधाच्या पलीकडे जाते. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट. तेव्हा 60 मीटरच्या चुकीत किती गुंठे बसतात याचा हिशेब शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही.

त्यामुळे संयुक्त मोजणीला नेण्याच्या शीटवर हवाई चित्र झाकलेलेच बरे. चित्रातला बांध आणि गटनकाशातला बांध क्वचितच एकमेकांवर बसतात. दोन्ही एकाच कागदावर दिसले की भूकरमापक हद्द दाखवायच्या आधीच वाद उभा राहतो. भूमी अभिलेख आता रोव्हरने मोजणी करते, उपग्रहांच्या संकेतांवरून सेंटीमीटरच्या घरात जागा मिळते, आणि वादात वजन मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीला असते. पाठीमागच्या रंगीत शेताला ते नसते. गावकऱ्यांना चौक समजावून सांगायचा असेल तेव्हा मात्र उलटे करावे. तिथे नुसत्या रेषा कोणाला कळत नाहीत. झाड, टपरी, कालव्याचा पूल दिसला की माणसे बोट ठेवून बोलू लागतात.

छापण्यासाठी थेट चित्रावर विसंबून चालत नाही. ‘जिओमॅपइमेज’ने हव्या त्या भागाचा तुकडा पकडून ड्रॉइंगमध्ये ठेवावा लागतो. इंटरनेट गेले तरी तो राहतो, कोणी मुद्दाम ताजा करेपर्यंत बदलत नाही. तो पकडला कधी, हे शीटच्या कोपऱ्यात ड्रॉइंगच्या तारखेशेजारी वेगळे लिहिण्याची शिस्त असावी.