उपप्रश्नाची धार

संसदेत प्रश्नोत्तराच्या तासात तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नाचं उत्तर मंत्र्याच्या हाती छापील असतं, खात्यानं तयार केलेलं. खरी कसोटी उपप्रश्नाची. तो आधी कळवावा लागत नाही. अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी येईपर्यंत मंत्र्याला बोलत राहावं लागतं.

आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत घातलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांवरून १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न विचारून सरकारला घेरलं गेलं. घेरणारे फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, हे विशेष! मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

संसदेच्या सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात मात्र कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच वगळला. लेखी उत्तरं मिळत राहिली. त्यांवर उपप्रश्न विचारता येत नाही.