मोबाईल हातात आहेच. आधी आवाज नीट घ्यायला शिका

काही वर्षांपूर्वी पिंपळगाव राजा येथील एका आजींची मुलाखत आम्ही मोबाईलवर घेतली. १९५६ साली वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा पाहिला होता. आजी पाऊण तास बोलल्या. घरी येऊन पाहतो तर चित्र छान, पण आवाज फक्त डोक्यावरच्या पंख्याचा. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता आजी गेल्या. ती आठवण आता कुणाकडेच नाही.

खामगाव-बुलढाण्याला शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही चूक करू नये, म्हणून हे लिहीत आहोत.

महागडा कॅमेरा नाही, पुण्या-मुंबईची फिल्म संस्था परवडत नाही, म्हणून अनेक जण थांबतात. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या, पण चोरीकडे ढकलल्या जाणाऱ्या मुलाची ती गोष्ट. तिला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ नंतर आले. म्हणजे शिकण्याचं वय हेच काम करण्याचं वय आहे, आणि विषय आपल्या वस्तीतच असतो.

सुरुवात पाच मिनिटांच्या फिल्मपासून करा. फिल्म कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर विषय अजून पक्का झालेला नाही. मग लागणाऱ्या दृश्यांची यादी करा: आजींचा चेहरा, हात, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, घराकडे येणारी वाट. मुलाखतीच्या मध्ये हीच दृश्यं कामी येतात.

आवाजाची काळजी सर्वांत आधी. पंखा, टीव्ही बंद करा. कॉलर माईक नसेल तर दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो बोलणाऱ्याच्या खिशात किंवा पदराआड ठेवा. सुरू करताना एकदा टाळी वाजवा. पुढे चित्र आणि आवाज जुळवायला तीच खूण. एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनने ऐका, मगच मुलाखत सुरू करा.

मोबाईल आडवा आणि स्थिर धरा, विमान मोडवर टाका. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा, खिडकी पाठीमागे नको. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टे हलतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाईलमध्ये सोय असेल तर २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा.

एडिटिंग आधी कागदावर करा. मुलाखत ऐकून लिहून काढा, हवी ती वाक्यं अधोरेखित करा. संगणकावर ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती पुरते. भीमगीत वापरायचं तर परवानगी घ्या. आपल्या गायकांचा हक्क आपणच बुडवू नये.

अत्याचाराच्या प्रकरणात जास्त जबाबदारी. ‘दाखवू का?’ हे विचारा, नकार आला तर थांबा. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. चळवळीच्या नावाखाली कुणाचं दुःख व्हायरल करायचं नसतं.

शेवटी, मूळ चित्रीकरण दोन ठिकाणी जपा. आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी चौदा वर्षं चित्रीकरण केलं. जपलेली क्लिप पुढे पुरावा होते, इतिहासही होते.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, कारण आपलं म्हणणं मांडायला आपलं पत्र नव्हतं. आज साधन आपल्या खिशात आहे आणि १४ एप्रिलच्या डीजेची रील आपण रोज पाहतो. येत्या रविवारी गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जा. पंखा बंद करा, आणि ऐका.

जय भीम!