लाळेचं घरटं : वेंगुर्ला रॉक्सवरची पाकोळी

'बेटाचं चित्र काढा' म्हटलं की मुलं दोन माड काढून मोकळी होतात. त्यांना एकदा वेंगुर्ला रॉक्सबद्दल सांगा. १९८१ पर्यंत वेंगुर्ला आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. तिथून समुद्रात साधारण १४ किलोमीटरवर हे खडक आहेत, माडबीड काही नाही. एकावर दीपगृह आहे, काहींवर सुरय पक्षी अंडी घालतात.

इथल्या बर्न्ट आयलंडवर एक गुहा आहे. तिच्या भिंतींना पाकोळ्या अर्ध्या वाटीसारखी घरटी चिकटवतात. घरटं मुख्यतः लाळेचं! थर वाळत जातो, त्यावर पुढचा. काळोखात ही पाखरं 'टिक टिक' आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतात. वटवाघळंही असंच करतात, पण त्यांचे आवाज बहुधा आपल्याला ऐकू येत नाहीत, हिचा येतो. (वर्गात करून बघा : डोळे मिटून, जिभेने 'टॉक' करत भिंतीकडे हळूहळू चालायचं. आवाज बदलतो.)

चीनमध्ये अशा घरट्यांचं सूप महाग विकलं जातं, म्हणून इथेही चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वनखात्याला सोबत घेऊन तिला आळा घातला.

"पक्षी तर मारत नाहीत ना?" असं मुलं नक्की विचारतील. घरटं गेलं की पाकोळीला पुन्हा पहिल्यापासून लाळ गाळावी लागते, विणीचे दिवस मात्र थांबत नाहीत. आणि आत अंडी-पिल्लं असली तर तीही जातात.