पुन्हा एकदा त्याच गरम कुंडावर

जयपूरच्या दुर्गापुऱ्यात जानेवारीची सकाळ म्हणजे अंगावर दोन-दोन स्वेटर. बादलीतलं कढत पाणी बघता बघता कोमट होतं. अशा वेळी मला हमखास आठवतं ते अकलोलीचं कुंड.

माझं माहेर विरारचं. लहानपणी दर हिवाळ्यात आई आम्हा भावंडांना एसटीत बसवून वज्रेश्वरीला न्यायची. आधी देवीचं दर्शन, मग जवळच्या अकलोलीच्या गरम कुंडात डुंबायचं आणि शेवटी शेजारच्या तानसा नदीच्या गार पाण्यात. लग्नानंतर जयपूरला आले आणि हे सगळं सुटलं. या वर्षी चौदा वर्षांनी योग जुळून आला. दुर्गापुरा स्टेशनवर मुंबईची गाडी पकडली आणि माहेरी पोहोचताच आईला म्हटलं, "चल, वज्रेश्वरीला जाऊ."

आपला घरचा स्पा

मोठ्या शहरांत हल्ली 'नॉर्डिक स्पा'ची चर्चा असते. युरोपच्या उत्तरेकडच्या थंड देशांची ही पद्धत: आधी अंगाला भरपूर ऊब, मग गार पाणी, मग शांत पडून राहणं आणि पुन्हा पहिल्यापासून. फिनलंडची लोकसंख्या सुमारे 55 लाख आणि तिथे सौना, म्हणजे वाफेच्या खोल्या, जवळपास 30 लाख! या सौना संस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. आम्ही मुलं नकळत तेच करत होतो. फक्त शांत पडून राहण्याऐवजी डब्यातल्या दशम्यांवर तुटून पडायचो.

कोकणात असे झरे बरेच आहेत. अकलोली, गणेशपुरी, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ आणि राजवाडी, राजापूरचं उन्हाळे. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशी वज्रेश्वरीची लोककथा आहे. विज्ञान सांगतं की पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी भेगांतूनच पुन्हा वर येतं.

"पाणी कोमटच आहे गं!"

वज्रेश्वरीचं देऊळ किल्ल्यासारखं आहे. 1739 मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी ते बांधवलं, असं सांगतात. पूर्वी आई आमच्या पुढे पायऱ्या चढायची. या वेळी ती दोनदा थांबली. मी काही बोलले नाही, तीही नाही.

अकलोलीला कुंडाच्या काठावर बसून तिने पाय पाण्यात सोडले आणि हिरमुसून म्हणाली, "पूर्वीसारखं राहिलं नाही. पाणी कोमटच आहे गं!"

मी हात घातला आणि चटकन मागे घेतला. शेजारच्या मावशी म्हणत होत्या, "आज जरा जास्तच कढत आहे, नाही?"

मी घाईघाईने आईचे पाय बाहेर ओढले. घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते. आईला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. "चालताना पायातली चप्पल निघून जाते आणि मला कळतच नाही," असं ती मागे फोनवर हसत हसत म्हणाली होती. मीही हसले होते. वय झालं की असं होतं, एवढंच तेव्हा वाटलं होतं.

पायांवर बराच वेळ साधं पाणी ओतलं. नशिबाने फोड आले नाहीत. आई मात्र गप्प झाली होती. मग मी एक बादली मागून आणली. कुंडाच्या पाण्यात गार पाणी मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं आणि तिच्या खांद्यांवर, पाठीवर हळूहळू ओतलं. तिने डोळे मिटले. म्हणाली, "हां. हेच ते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या तळव्यांना बारीक दोऱ्याने स्पर्श करून पाहिला. काही जागी तिला काहीच जाणवत नव्हतं. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा अशा बधिर होऊ शकतात. आता रोज रात्री ती तळवे आरशात बघते आणि घरातही चप्पल घालते.

तुम्ही जाणार असाल तर...

• मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
• मधुमेह असलेल्यांनी पाण्याचा अंदाज स्वतःच्या पायाने घेऊ नये. दुसऱ्या कुणाला तरी हाताने बघायला सांगा.
• कुंडांचं पाणी कमी-जास्त गरम असतं. सर्वांत सौम्य कुंडापासून सुरुवात करा. दहा मिनिटं पुरेत, मुलांना त्याहून कमी.
• भरल्या पोटी उतरू नका. बाहेर आल्यावर पाणी प्या आणि थोडा वेळ बसा. एकदम उठल्याने चक्कर येऊ शकते.
• पावसाळ्यात नदीत उतरू नका. कुंडात साबण वापरू नका.

परवा आईचा फोन आला होता. "पुढच्या हिवाळ्याचं तिकीट आत्ताच काढून ठेव," म्हणाली. मग थोडं थांबून, "पाणी आधी तू बघ हं. मग मी."

आमच्याकडे एवढी वर्षं हे उलट चालत आलं होतं.