मालवाहतूक-संस्थांची पर्यावरणविषयक प्रतिज्ञा
मालवाहतूक-संस्था आपली पर्यावरणनिष्ठा बहुधा आकड्यांनी व्यक्त करतात. तेव्हा आकडा कशाचा, हे प्रथम पाहिले पाहिजे. जर्मनीच्या डॉइश पोस्ट डीएचएल या संस्थेने आपली कार्बन-कार्यक्षमता २००७ च्या तुलनेने २०२० पर्यंत ३० टक्क्यांनी सुधारण्याचे २००८ साली जाहीर केले व ते उद्दिष्ट २०१६ मध्येच गाठले. परंतु कार्यक्षमता हे गुणोत्तर होय. समजा, दर टन मालामागील उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटले आणि वाहतूक दुप्पट झाली, तर एकूण उत्सर्जन ४० टक्क्यांनी वाढते. २०२१ साली याच संस्थेने २०३० पर्यंत वार्षिक उत्सर्जन २.९ कोटी टनांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. वातावरणात साठतो तो एकूण वायूच. म्हणून प्रतिज्ञेची पारख या दुसऱ्या परिमाणाने करणे युक्त होय.