चिलापी आणि तिचे कुलबांधव : विणीची लक्षणे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, भीमेवरील उजनी जलाशयाच्या फुगवट्यात जाळे टाकणारे भोई ज्या माशाला ‘चिलापी’ म्हणतात, तो मासा मूळचा या देशातील नव्हे. पेटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मोझांबिकमधील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. १९५२ मध्ये खाद्यमत्स्य म्हणून तो बँकॉकहून भारतात आणण्यात आला. ओरिओक्रोमिस मोसांबिकस हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. जुन्या ग्रंथांत तो टिलापिया मोसांबिका म्हणून आढळतो. तो सिक्लिडी कुलातील असून मत्स्यालयांत हौसेने पाळले जाणारे एंजल व ऑस्कर हे मासे त्याचेच कुलबांधव होत. आपल्या किनाऱ्यावरील खाड्यांतील कालुंदर हा या कुलाचा देशी प्रतिनिधी. मुस्कटाच्या प्रत्येक बाजूस दोनाऐवजी एकच नासाछिद्र असणे, ही या कुलाची सहज दिसणारी खूण आहे.

या कुलाची खरी ख्याती मात्र अपत्यसंगोपनासाठी आहे. बेरेंड्स या डच दांपत्याने १९५० मध्ये सिक्लिड माशांच्या वर्तनाविषयी विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे मासे वर्तनशास्त्राच्या अभ्यासकांचे आवडते विषय ठरले आहेत.

चिलापीच्या विणीचे पहिले चिन्ह नराच्या रंगात दिसते. एरवी राखट असणारा नर काळाभोर होतो, गळा व डोक्याची खालची बाजू पांढरी पडते आणि पृष्ठपक्ष व पुच्छपक्ष यांच्या कडा तांबूस होतात. उथळ पाण्यात, वाळूच्या वा गाळाच्या तळाशी तो तोंडाने माती उचलून बाहेर टाकतो व बशीसारखा खळगा तयार करतो. अनेक नरांचे खळगे जवळजवळ असतात. प्रत्येक जण आपल्या सीमेवर शेजाऱ्याला अडवीत असतो. मादी जवळून जाऊ लागली, की नर शेपटी हालवीत तिला खळग्याकडे नेतो. ती थोडी थोडी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. नराचे कार्य तेथेच संपते. पुढचा सारा भार एकट्या मादीचा.

अंडी व पिल्ले मिळून सुमारे दहा ते चौदा दिवस ती तोंडात वागविते. या काळात ती काही खात नाही. तिचा गळा फुगलेला दिसतो, तोंड घट्ट मिटलेले असते, आणि मधूनमधून ती काही चघळीत असल्याप्रमाणे जबडा हालविते. ही हालचाल अन्नग्रहणाची नसून अंडी घुसळून त्यांना ताजे पाणी मिळवून देण्याची असते. पाळणारा नेमका येथे फसतो. मासा खात नाही, एका कोपऱ्यात उभा राहतो, तेव्हा तो आजारी असावा असे समजून तिला जाळीने उचलले जाते, औषध टाकले जाते; आणि घाबरलेली मादी अंडी थुंकून तरी टाकते किंवा गिळून तरी बसते. तोंडाबाहेर पडलेली पिल्लेही काही दिवस संकटाची चाहूल लागताच आईच्या मुखात परततात, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याची अशी चूक पुन्हा होणे कठीण.

एंजल वा ऑस्कर यांची रीत निराळी. ते अंडी तोंडात न ठेवता दगडावर किंवा पानावर चिकटवितात. जोडीतील दोघेही एकच जागा वारंवार तोंडाने घासू लागले, आणि पोटाखाली लहान नलिका डोकावू लागली, की वीण जवळ आली असे मानावे. ही नलिका मादीत रुंद व बोथट, नरात बारीक व टोकदार असते. जबड्यात जबडा अडकवून ओढाओढ करणे हे भांडणही असू शकते व प्रणयही. ओढाओढ संपल्यावर एकाचा रंग उतरून तो पक्ष मिटून कोपरा गाठीत असेल तर ते भांडण, आणि दोघेही पुन्हा त्याच दगडाकडे वळत असतील तर तो प्रणय. अंड्यांतून निघालेली पिल्ले तोंडात धरून दुसऱ्या जागी नेणारे आईबाप पाहून त्यांनी ती खाल्ली असा समज होतो, पण तो नेहमीच खरा नसतो.

चिलापीच्या बाबतीत ही ओळख केवळ हौसेपुरती राहत नाही. ती अवघ्या दोनतीन महिन्यांत वयात येते आणि पाणी उबदार असेल तोवर वर्षातून अनेकदा विते. परिणामी तळ्यात खुरट्या माशांची दाटी होते आणि रोहू, कटला यांसारख्या माशांचे अन्न वाटले जाते. भारतात तिच्या प्रसारावर १९५९ मध्येच निर्बंध घालण्यात आले होते, तरीही ती पसरतच गेली. मत्स्यालयातील नकोसे मासे शेततळ्यात किंवा विहिरीत सोडण्याची सवय अनेकांना असते. अशा वेळी गळा फुगलेली एकच मादी सोडली, तरी नराशिवायही एक सबंध पिढी त्या पाण्यात उतरते; आणि पावसाळ्यात तळे भरून सांडव्यावाटे ओढ्याला मिळाले, की ती सीना, मुळा वा प्रवरेच्या पात्रात पोहोचण्यास दुसऱ्या कोणाची मदत लागत नाही.